शिक्षकांचा शिक्षक : पेस्टालॉझी

शालान्त परीक्षा आटोपली कीं पुढें काय व्हावयाचें, हा प्रश्न घरोघर निघतो. डॉक्टर, इंजिनियर, वकील हीं नांवें आधीं घेतलीं जातात; आणि एखाद्या मुलानें अगर मुलीनें आपणांस शिक्षक व्हावयाचें आहे असें म्हटलें, तर वडील मंडळी क्षणभर स्तब्ध होतात. ज्याला दुसरें कांहीं जमत नाहीं त्यानें पंतोजी व्हावें, ही समजूत आमच्या समाजांत फार जुनी आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें बारावीनंतरचा चार वर्षांचा एकत्रित बी. एड. अभ्यासक्रम पुढें आणला, तेव्हां वैद्यकाप्रमाणें अध्यापनही पायापासून शिकावें लागतें हें तत्त्व त्यांत मान्य झालें. तरीही पुष्कळ पालक आम्हांस विचारतात कीं, ज्याला गणित येतें त्याला तें शिकवितां येणारच. त्यासाठीं निराळी पदवी ती कशाला? ह्या प्रश्नाचें उत्तर वादानें देण्यापेक्षां एका माणसाचें चरित्र सांगून द्यावें, हें आम्हांस बरें वाटतें. गंमत अशी कीं, ह्या माणसाला खरोखरच दुसरें कांहीं जमलें नव्हतें.

योहान हाइनरिख पेस्टालॉझी ह्याचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजीं स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरीं झाला. त्याचा बाप शस्त्रवैद्य होता. मुलगा पांच वर्षांचा असतांना बाप वारला, आणि मरतांना त्यानें घरच्या बाबेली नांवाच्या मोलकरणीजवळ कुटुंब सोडून न जाण्याचें वचन मागितलें. तिनें तें जन्मभर पाळलें. मिळकत बेताची, अब्रू राखावयाची; म्हणून कपडे आणि जोडे झिजूं नयेत यासाठीं बाबेली मुलांना विनाकारण घराबाहेर जाऊं देत नसे. आई आणि मोलकरीण ह्या दोन स्त्रियांच्या मायेंत वाढलेला हा मुलगा अत्यंत कोमल मनाचा, पण व्यवहारांत अगदीं अजागळ निघाला. शाळेंतील सोबत्यांनीं त्याला वेडगांवचा रहिवासी ठरवून तसें टोपणनांवही ठेविलें होतें. एकदां भूकंपाचा धक्का बसला, तेव्हां मास्तर मंडळी मुलांच्या डोक्यांवरून उड्या टाकीत खालीं पळालीं. आणि आंत राहिलेल्या टोप्या व पुस्तकें आणावयास कोणी धजेना, तेव्हां हाच वेडा पुन्हां आंत गेला. सुटीच्या दिवसांत तो होंग या खेड्यांत आपल्या धर्मोपदेशक आजोबांकडे जाई, आणि त्यांच्याबरोबर गोरगरिबांच्या घरीं फिरे. दारिद्र्य म्हणजे काय हें त्यानें तेथें डोळ्यांनीं पाहिलें.

प्रथम त्यानें धर्मोपदेशक होण्याचें मनांत आणलें, तें सोडून कायद्याकडे तो वळला, तेंही सोडलें. १७६२ सालीं रूसोचा एमिल हा ग्रंथ निघाला होता, आणि त्या काळच्या तरुणांप्रमाणें पेस्टालॉझीही त्यानें भारून गेला. निसर्गाजवळ राहावें, शेती करावी, असें त्याच्या मनानें घेतलें. १७६९ सालीं ॲना शुल्टहेस ह्या सधन घरच्या, त्याच्याहून सुमारें आठ वर्षांनीं मोठ्या असलेल्या विदुषीनें आईबापांचा विरोध पत्करून त्याच्याशीं विवाह केला. बिर खेड्याजवळ पडीक जमीन घेऊन त्यांनीं घर बांधलें व त्याला नॉयहोफ, म्हणजे नवा वाडा, असें नांव दिलें. जमीन निकृष्ट, धनी अननुभवी. कांहीं वर्षांतच शेती बुडाली.

ह्याच घरांत त्याचा पहिला विद्यार्थी वाढत होता. १७७० सालीं झालेल्या एकुलत्या एका मुलाचें नांव त्यानें रूसोच्या नांवावरूनच ठेविलें आणि त्याला रूसोच्या मताप्रमाणें वाढविण्याचें ठरविलें. १७७४ सालीं कांहीं दिवस त्यानें ह्या शिक्षणाची रोजनिशी ठेविली आहे. मुलाला संख्यांचीं नांवें तोंडपाठ आलीं, पण त्या नांवांमागें कांहीं अर्थ असतो हें त्याच्या गांवींही नाहीं, हें पाहून बाप स्वतःलाच दोष देतो. पुढें दुसऱ्या टोंकाला जाऊन त्यानें शिकविणें इतकें सैल सोडलें कीं, अकराव्या वर्षीं देखील मुलाला नीट लिहितां वाचतां येईना. मुलगा प्रकृतीनें दुबळा होता, त्याला फेंपरें येत, आणि १८०१ सालीं तो बापाच्या आधींच वारला. जगाला बालशिक्षण शिकविणाऱ्याच्या घरची ही गोष्ट चरित्रकारांना झांकून टाकावीशी वाटते. आम्हांस मात्र ती झांकूं नये असें वाटतें. मुलावर जीव असणें निराळें आणि मुलाला शिकवितां येणें निराळें, हें पेस्टालॉझी येथें स्वतःच्या घरांत, मोठी किंमत देऊन शिकला.

शेती बुडाल्यावर त्यानें १७७४ सालींच नॉयहोफ येथें गरीब व भीक मागत फिरणाऱ्या मुलांसाठीं शाळा काढली. मुलांनीं सूत कातावें, कापड विणावें, शेतांत राबावें, आणि हात चालत असतांनाच तोंडानें शिकावें. त्यांच्या श्रमावर त्यांचें पोट व शाळा दोन्ही चालावीं, अशी कल्पना. आमच्याकडे १९३७ सालीं वर्ध्यास महात्मा गांधींनीं जी मूलोद्योग शिक्षणाची योजना मांडली, तिची आठवण येथें सहज होते. परंतु लहान मुलांचें सूत बाजारांत विकलें जाईल इतकें चांगलें कोठून निघावें? शिवाय नवे कपडे अंगावर चढले व पोट भरून प्रकृति सुधारली कीं, कांहीं आईबाप येऊन मुलांना घेऊन जात. बायकोचा वारसा त्यांत गेला, कर्ज झालें, आणि १७८० सालीं शाळा बंद पडली.

पुढची अठरा वर्षें त्यानें लेखणीवर काढलीं. कागद विकत घेण्याचीही ऐपत नसल्यामुळें जुन्या हिशेबाच्या वहींतील कोऱ्या जागांवर त्यानें एक गोष्ट लिहिली असें सांगतात. १७८१ सालीं निघालेली ही लिओनार्ड व गर्ट्रूड नांवाची खेड्याची कथा युरोपभर गाजली. दारुड्या नवऱ्याला, घराला आणि अखेर साऱ्या गांवाला सावरणारी गर्ट्रूड ही तिची नायिका. बर्न येथील एका मंडळानें त्याला सुवर्णपदक दिलें, तें त्यानें पैशासाठीं विकलें. १७९२ सालीं फ्रान्सनें ज्या थोड्या परकीयांना सन्मानानें आपलें नागरिकत्व दिलें, त्यांत जॉर्ज वॉशिंग्टन होता, कवि शिलर होता, आणि हा कर्जबाजारी शेतकरीही होता.

मात्र पेस्टालॉझीला कीर्ति नको होती, वर्ग हवा होता. तो त्याला वयाच्या बावन्नाव्या वर्षीं मिळाला, आणि फार भयंकर रीतीनें मिळाला. १७९८ च्या सप्टेंबरांत फ्रेंच सैन्यानें स्टान्स गांव व त्याचा आसमंत उद्ध्वस्त केला. शेंकडों माणसें मेलीं. पोरकीं मुलें रस्त्यावर आलीं. सरकारनें अनाथालय काढण्याचें ठरवून पेस्टालॉझीला पाठविलें, आणि १७९९ च्या जानेवारींत एका मठाच्या इमारतींत तें सुरू झालें. इमारतीचें काम अर्धवट, स्वयंपाकघर तयार नाहीं, भिंती ओल्या, हिंवाळा कडक. मुलें आलीं तीं खरजेनें भरलेलीं, उवांनीं ग्रासलेलीं, कित्येक हाडांचे सांपळे. कांहीं उद्धट, कांहीं इतकीं भेदरलेलीं कीं वर मान करून पाहीनात. मदतीला एक घरकाम पाहणारी बाई, बाकी सर्व एकट्यानें. गांवचे लोक कॅथलिक, हा प्रोटेस्टंट, आणि तोही त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या सरकारचा माणूस. तेव्हां लोकांचा विश्वास नाहीं. हळूहळू मुलांची संख्या ऐंशींपर्यंत गेली. तो त्यांच्यांतच जेवी, त्यांच्यांतच निजे. रात्रीं सर्वांच्या मागून अंथरुणावर पडे आणि सकाळीं सर्वांच्या आधीं उठे. पुस्तकें नव्हतीं, साधनें नव्हतीं. ज्या मुलाला थोडें येई त्याला तो दोन न येणाऱ्या मुलांच्या मध्यें बसवी, आणि तें मूल आपल्या दोन्ही बाजूंच्या सोबत्यांना शिकवी. कधीं कधीं त्यानें मुलांना मारलेंही, आणि ही गोष्ट त्यानें आपल्या लेखांत लपविली नाहीं.

तेथील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एप्रिलमध्यें शेजारचें आल्टडोर्फ गांव जळालें. पेस्टालॉझीनें आपल्या मुलांना जवळ बसवून विचारलें कीं, तिकडचीं वीसएक पोरकीं मुलें येथें आणावीं काय; पण तीं आलीं तर तुम्हांला अन्न कमी मिळेल, काम जास्त पडेल, आणि कदाचित् कपडेही वांटून घ्यावे लागतील. हें सर्व त्यानें पुन्हां पुन्हां उलगडून सांगितलें. मुलांनीं एकमुखानें त्यांना आणा म्हणून सांगितलें. तीन महिन्यांपूर्वीं हीं भाकरीच्या तुकड्यासाठीं भांडणारीं मुलें होतीं. परोपकारावर पाठ देण्याआधीं परोपकार करण्याचा प्रसंग मुलांपुढें ठेवावा, हें त्यानें येथें पडताळून पाहिलें.

जूनमध्यें सैन्याला रुग्णालयासाठीं इमारत हवी झाली, आणि पांच महिन्यांत सारें संपलें. खंगलेला पेस्टालॉझी कांहीं दिवस डोंगरांत विश्रांतीस गेला. आणि तेथून उतरल्यावर, फ्रान्सचा मानकरी नागरिक व युरोपभर नांव झालेला ग्रंथकार असूनही, त्यानें एकच मागणें मागितलें : कोठेंतरी शिकवूं द्या. बुर्गडोर्फ गांवीं, जोडे शिवतां शिवतां मुलांना शिकविणाऱ्या एका पंतोजीच्या शाळेंत, त्याला दुय्यम म्हणून जागा मिळाली. प्रश्नोत्तरें घोकवून घेणाऱ्या त्या पंतोजीला ह्या म्हाताऱ्याचे प्रयोग कसे रुचावे? पालकांचीही कुरकुर सुरू झाली कीं, प्रयोगच करावयाचे तर श्रीमंतांच्या मुलांवर करा. तेथून त्याला काढलें, आणि एका बाईच्या बालशाळेंत तो अगदीं लहान मुलांना शिकवूं लागला. आज शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकांत ज्याचें नांव असतें, तो त्या दिवसांत ही जागा तरी टिकेल कीं नाहीं ह्या भीतीनें वावरत होता.

त्या वर्गांत तो करी काय? रामझाउअर नांवाच्या त्याच्या एका विद्यार्थ्यानें पुढें मोठेपणीं ह्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे, आणि तें मुळींच भक्तिभावाचें नाहीं. वर्गाच्या भिंतीवर जुना, फाटका पडदा होता. त्यांतील भोंकें आणि चिरा ह्यांसमोर मुलांना तासन् तास उभें करून तो त्यांचें वर्णन करावयास लावी. आधीं भोंक आहे एवढेंच. मग भोंक लांबट आहे. मग त्या लांबट भोंकाच्या मागें भिंत दिसते. असें एकेक पायरीनें. ओरडून ओरडून त्याचा घसा बसे. हें वाचून हंसूं येतें. पण त्यामागचा विचार सोपा व खोल आहे. मूल आधीं पाहतें, मग ओळखतें, मग नांव देतें. आणि शाळा मात्र नांवापासून आरंभ करून नांवावरच संपते. म्हणून किती आहे, कोणत्या आकाराचें आहे आणि काय म्हणतात, हे तीन प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारावे. संख्या, आकृति आणि भाषा हे सर्व शिक्षणाचे तीन आरंभ होत, असें त्यानें ठरविलें.

हाच विचार एका मुलानें त्याच्यापुढेंही नेला. वर्गांत शिडीचें चित्र दाखवून त्यावर प्रश्न चालले होते, तेव्हां तो मुलगा म्हणाला कीं, बाहेर अंगणांत खरीच शिडी आहे, मग चित्र कशाला? दुसऱ्या वेळीं खिडकीच्या चित्राविषयीं असेंच झालें. पेस्टालॉझीला विलक्षण आनंद झाला, आणि त्यानें चित्रें बाजूस ठेविलीं. आमच्या मतें त्याच्या सबंध आयुष्यांतील हा अत्यंत मोलाचा क्षण होय. तो मुलगा आगाऊ आहे असें त्याला वाटलें नाहीं. आपली पद्धत चुकते आहे हें त्याच्या ध्यानांत आलें. आमच्या अध्यापनशाळांतून रूढ झालेला वस्तुपाठ हा शब्द ह्याच परंपरेंतला आहे. पुढें तो शाळेबाहेर पडला, आणि एखाद्याच्या वागण्याला आपण वस्तुपाठ म्हणूं लागलों.

१८०० च्या सुमारास त्याला साथीदार मिळाले. क्रूसी हा पूर्वीं गांवोगांव माल व निरोप वाहणारा. बुस हा पुस्तकें बांधणारा. बुर्गडोर्फच्या किल्ल्यांत त्यांची शाळा उभी राहिली, आणि तिलाच जोडून शिक्षक होऊं इच्छिणाऱ्यांचा वर्गही निघाला. १८०१ सालीं गर्ट्रूड आपल्या मुलांना कसें शिकविते हा त्याचा ग्रंथ पत्ररूपानें प्रसिद्ध झाला. त्यांत मुलांसाठीं धडे आहेत ते थोडे. मुख्य विषय शिकविणाऱ्यानें काय शिकावयाचें हा आहे. १८०२ सालीं तो पॅरिसला गेला, पण नेपोलियनला ह्या गोष्टींत रस नव्हता. १८०४ सालीं किल्ला सोडावा लागला, आणि १८०५ पासून इव्हर्डन गांवचा जुना किल्ला हें त्याचें ठिकाण झालें. तेथें तो वीस वर्षें राहिला.

इव्हर्डन म्हणजे शिक्षणाची पंढरीच झाली असें म्हणावयास हरकत नाहीं. १८०९ च्या सुमारास तेथें दीडशेंवर विद्यार्थी होते. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, केवळ शिकवावें कसें हें शिकण्यासाठीं आलेले तीसएक तरुण होते. फिश्टे ह्या तत्त्वज्ञानें पराभूत जर्मन राष्ट्रापुढें दिलेल्या व्याख्यानांत पेस्टालॉझीच्या शिक्षणाचा पुरस्कार केला होता; प्रशियाच्या सरकारनें आपले निवडक तरुण सरकारी खर्चानें तेथें पाठविले. लढाईंत हरलेलें एक राज्य सेनापतींच्या जोडीला शिक्षक तयार करूं लागलें, ही गोष्ट इतिहासांत फारशी आढळत नाहीं. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल १८०८ ते १८१० ह्या काळांत आपल्या विद्यार्थ्यांसह तेथेंच होता. इंग्लंडहून आलेल्या चार्ल्स मेयोनें ही पद्धत आपल्या देशीं नेली, त्याची बहीण एलिझाबेथ हिनें वस्तुपाठांचें पुस्तक लिहिलें, आणि १८३६ सालीं लंडनमध्यें निघालेल्या एका शिक्षक-शिक्षण संस्थेनें त्यावर पिढ्या घडविल्या.

१८१६ सालीं ॲन्ड्र्यू बेल हा स्कॉटिश गृहस्थही इव्हर्डन पाहावयास आला. ह्यानें १७८९ नंतर मद्रासच्या अनाथालयांत वरच्या मुलांकडून खालच्या मुलांना शिकविण्याची पद्धत बसविली होती. वाळूवर अक्षरें काढण्याची कल्पना तर त्यानें तिकडच्या गांवठी शाळेंतूनच उचलली होती. त्याला पेस्टालॉझीचें काम पसंत पडलें नाहीं. तथापि दैवाचा खेळ असा कीं, बेलच्या मृत्युपत्रांतील पैशांतूनच १८७६ सालीं एडिंबरो व सेंट ॲन्ड्र्यूज ह्या विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचीं अध्यापकपदें स्थापन झालीं, आणि तेथें पेस्टालॉझीचें नांव न घेतां व्याख्यान पुरें होईना.

इतकें झालें तरी शिकविण्याची विद्या शिकवितां येते काय, ह्या प्रश्नानें पेस्टालॉझीला शेवटपर्यंत सोडलें नाहीं. येणाऱ्या तरुणांना कोष्टकें हवीं असत. एकमांच्या ओळी, चौकोनांचे तक्ते, ठराविक प्रश्न, हें सर्व नकलून घेऊन ते घरीं जात, आणि तेथें मुलांकडून तेंच एका सुरांत म्हणवून घेत. घोकंपट्टी घालविण्यासाठीं निघालेली पद्धत स्वतःच घोकली जाऊं लागली! इव्हर्डनमध्येंही हें कांहीं अंशीं झालें होतें, आणि १८१० सालीं सरकारी तपासणी समितीनें आपला अभिप्राय हात राखूनच दिला. पाठाचें टांचण सुंदर लिहून वर्गांतील चेहरे न पाहणारे आजचे छात्रशिक्षक आम्हांस येथें आठवतात. पण त्यांच्यावर रागावण्याआधीं हें ध्यानांत घ्यावें कीं, प्रत्यक्ष पेस्टालॉझीच्या हाताखालीं हीच अडचण होती. भोंकांचें वर्णन कसें करवावें हें लिहून देतां येतें; शिडीविषयीं बोलणाऱ्या मुलाचें ऐकून थांबावें केव्हां, हें लिहून देतां येत नाहीं. तें जवळ राहून, पाहून, चुकून आणि चुकल्यावर कोणीतरी दाखवून दिल्यावर येतें. त्यासाठींच वर्षें लागतात.

संस्थेचा शेवट दुःखाचा झाला. १८१५ च्या डिसेंबरांत ॲना वारली. तिनें आपली सारी मिळकत व आयुष्य ह्या स्वप्नांत घातलें होतें. घरांतील शिक्षकांना एकत्र धरणारा हात गेला. विद्वान नीडरर आणि गणितांत असामान्य असलेला, टायरोलच्या डोंगरांतून आलेला श्मिड ह्यांचें वैर कोर्टापर्यंत गेलें. प्रेम हा शिक्षणाचा पाया असें सांगणाऱ्या घरांतले शिक्षक एकमेकांशीं बोलेनासे झाले, आणि म्हाताऱ्याला तें थांबवितां आलें नाहीं. त्यांतही १८१८ सालीं आपल्या समग्र ग्रंथांच्या वर्गणीच्या पैशांतून त्यानें जवळच्या क्लिंडी गांवीं गरिबांसाठीं पुन्हां एक शाळा काढली. तीही टिकली नाहीं. १८२५ सालीं इव्हर्डनची संस्था बंद झाली, आणि ऐंशीच्या घरांत आलेला पेस्टालॉझी नॉयहोफला, आपल्या पहिल्या फसलेल्या शेतावर, नातवाकडे परतला.

तेथेंही लिहिणें सुटलें नाहीं. १८२६ सालीं हंसगीत नांवाच्या ग्रंथांत त्यानें आपले विचार अखेरचे मांडले आणि आपल्या चुकांचीही निर्भीडपणें झडती घेतली. पाठोपाठ एका विरोधकानें त्याच्यावर अत्यंत कडवट पुस्तक लिहिलें. त्याला उत्तर देण्याची धडपड करीत असतांनाच दुखणें बळावलें. उपचारांसाठीं त्याला ब्रूग गांवीं नेलें, आणि १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं तेथें त्याचा अंत झाला. बिर खेड्यांत गांवच्या शाळेलगत त्याला पुरलें. एकोणीस वर्षांनीं, १८४६ सालीं, त्याच्या जन्मशताब्दीला आरगाउ प्रांताच्या लोकांनीं तेथें त्याचें स्मारक उभारलें. त्यावर नॉयहोफ, स्टान्स, बुर्गडोर्फ आणि इव्हर्डन ह्या त्याच्या कार्यस्थळांचीं नांवें कोरलेलीं आहेत. आणि स्मारकासाठीं निराळा चबुतरा न बांधतां नव्या शाळागृहाचीच भिंत घेतली आहे.